४५ हजारांचा ड्रोन येतो कुठून? रशिया-युक्रेन युद्धातल्या शस्त्रांचा आणि पैशांचा हिशेब

तुमच्या फीडमध्ये हा व्हिडिओ कधी ना कधी येऊन गेलाच असेल. वरून थरथरणारा कॅमेरा, खाली शेत, शेताच्या कडेला झाडीत लपवलेला रणगाडा. कॅमेरा झपकन खाली झेपावतो, स्क्रीनवर मुंग्या येतात आणि व्हिडिओ संपतो. कॅप्शन असतं, '५०० डॉलरच्या ड्रोनने लाखो डॉलरचा रणगाडा उडवला'. कमेंटमध्ये आगीचे इमोजी.

कॅप्शन खोटं नसतं, पण अर्धवट असतं. त्या एका ड्रोनच्या आधी किती वाया गेले ते रीलमध्ये दिसत नाही. रुसी या ब्रिटिश अभ्याससंस्थेने २०२५ च्या सुरुवातीला दिलेल्या अहवालानुसार युक्रेनचे ६० ते ८० टक्के एफपीव्ही ड्रोन लक्ष्यापर्यंत पोचतच नाहीत. कुणाचा सिग्नल जॅम होतो, कुणी झाडात अडकतो, कुणाची बॅटरी दगा देते. आणि दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे तो ड्रोन बनला कुठे, त्यातली मोटार कुठून आली आणि बिल कुणी भरलं.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीने हल्ला केला, तेव्हा भलेभले म्हणत होते की चार-आठ दिवसांत निकाल लागेल. वर्षांमागून वर्षं गेली, युद्ध चालूच आहे. इतक्या लांबलेल्या युद्धात कुणाकडे भारी शस्त्र आहे, यापेक्षा कुणाकडे दर महिन्याला किती माल तयार होतो आणि त्याचे पैसे किती महिने भरता येतात, हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

सॉफ्टवेअरमध्ये सिस्टीम स्लो झाली की आधी बॉटलनेक शोधतात. डेटाबेस स्लो होता, तो सुधारला, तर आता नेटवर्क अडतं. नेटवर्क वाढवलं, तर मेमरी पुरत नाही. या युद्धाचंही तसंच झालंय. २०२३ मध्ये युक्रेनसाठी पैसे मंजूर होते, पण तोफगोळे मिळत नव्हते. २०२५ मध्ये युक्रेनचे कारखाने माल बनवायला तयार होते, पण ऑर्डर द्यायला पैसे नव्हते. मधल्या काळात काय झालं ते बघू.

साधा गोळा, मोठी अडचण

सुरुवात सगळ्यात कमी हाय-टेक वस्तूपासून. १५५ मिलिमीटरचा तोफगोळा. १५५ मिलिमीटर हा नाटो देशांच्या तोफांचा ठरलेला व्यास. गोळा साधारण ४५ किलोचा, म्हणजे सिमेंटच्या पोत्यापेक्षा थोडा हलका. साध्या गोळ्यात जीपीएस नाही, चिप नाही. शंभर वर्षांपूर्वीचा इंजिनिअरसुद्धा बघून ओळखेल.

मग तो बनवायला अडचण काय? लोखंडाचा ठोकळा लालबुंद तापवून प्रेसमध्ये दाबायचा, त्याला पोकळ बाटलीचा आकार द्यायचा, लेथवर घासायचा, पुन्हा तापवून कडक करायचा. मग वितळवलेलं स्फोटक आत ओतायचं आणि अगदी हळू थंड करायचं. घाई केली तर आत भेगा किंवा बुडबुडे राहतात आणि तो गोळा तोफेतच फुटू शकतो. म्हणून एक्स-रे काढून तपासणी. अमेरिकेत हे सांगाडे पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनमध्ये घडतात आणि स्फोटक भरायला हजार किलोमीटरहून लांब आयोवाला जातात. एक मशीन वाढवलं म्हणून उत्पादन दुप्पट होत नाही, पूर्ण साखळी वाढवावी लागते.

युद्धाआधी अमेरिका महिन्याला १४ हजारांच्या आसपास गोळे बनवत होती. शांततेच्या काळात सरावापुरते ते पुरेसे होते. २०२३ मध्ये युक्रेन दिवसाला पाच-सहा हजार गोळे वापरत होता, म्हणजे अमेरिकेचं महिन्याभराचं उत्पादन तीन दिवसांत संपणार. फेब्रुवारी २०२३ मध्ये नाटोचे तेव्हाचे प्रमुख येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी उघडच सांगितलं की युक्रेन ज्या वेगाने दारूगोळा वापरतोय तो आमच्या उत्पादनाच्या कितीतरी पट आहे, आणि मोठ्या गोळ्यांच्या ऑर्डरसाठी थांबायचा काळ १२ महिन्यांवरून २८ महिन्यांवर गेलाय. आज ऑर्डर दिली तर माल सव्वादोन वर्षांनी!

मार्च २०२३ मध्ये युरोपियन युनियनने वचन दिलं, वर्षभरात १० लाख गोळे देऊ. वर्ष संपलं तेव्हा आकडा निम्म्याच्या आसपास होता. पैसे नव्हते असं नाही. युरोपातले बरेच कारखाने खासगी आहेत. त्यांचं म्हणणं, आम्ही शेकडो कोटी घालून नवी लाइन टाकू, पण उद्या युद्ध थांबलं तर माल घेणार कोण? आम्हाला अनेक वर्षांचं काँट्रॅक्ट द्या. धंद्याच्या हिशेबाने ते बरोबर आहे. पण खंदकात बसलेल्या माणसाला हा हिशेब ऐकवून उपयोग नसतो.

रशियाकडे हा पेच कमी होता. तिथले बहुतेक शस्त्र कारखाने सरकारी. आदेश आला, तीन पाळ्या सुरू. २०२४ मध्ये नाटोचा अंदाज होता की रशिया महिन्याला सुमारे अडीच लाख गोळे बनवतोय. वर उत्तर कोरियाकडून कंटेनरच्या कंटेनर भरून गोळे आले ते वेगळेच. त्यातले बरेच जुने आणि कमी दर्जाचे होते म्हणतात. पण इतके पडले की दर्जाचा मुद्दाच मागे पडतो.

याचा सगळ्यात वाईट काळ २०२३-२४ चा हिवाळा. अमेरिकेच्या संसदेत मदतीचं बिल महिनोन् महिने अडकलं. जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनचे संरक्षणमंत्री रुस्तेम उमेरोव यांनी युरोपीय मंत्र्यांना कळवलं की आम्ही दिवसाला दोन हजारांपेक्षा जास्त गोळे डागू शकत नाही, रशिया त्याच्या तिपटीहून जास्त डागतोय. फेब्रुवारीत आव्दिइव्का शहर युक्रेनच्या हातून गेलं. ६१ अब्ज डॉलरचं बिल मंजूर झालं एप्रिलमध्ये. त्या मधल्या काळात तोफ होती, चालवणारे होते, समोरून येणारे सैनिकही दिसत होते. पण आज अमुक इतकेच गोळे, असं रेशन होतं. जी तोफ गप्प बसते तिच्या पुढच्या खंदकात जीव जातात.

याच सुमारास चेक प्रजासत्ताकाने एक भारी डोकं लढवलं. अध्यक्ष पेट्र पावेल यांनी सांगितलं की कारखाने वाढेपर्यंत थांबू नका, जगभरच्या गोदामांत गोळे पडून आहेत, ते विकत घेऊ. कुठल्या देशाने विकले ते गुपित, बिल युरोपातल्या अनेक देशांनी मिळून भरायचं. २०२४ मध्ये या वाटेने सुमारे १५ लाख गोळे युक्रेनला पोचले. नवा सर्व्हर घ्यायला वेळ लागतोय तर पडून असलेले जुने जोडा, असलाच प्रकार.

सरकीवरची लव

या साखळीतला मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेला भाग कापसाचा आहे. हो, कापूस.

गोळ्याच्या आत असतं ते स्फोटक वेगळं आणि गोळ्याला तोफेबाहेर ढकलते ती दारू वेगळी. या ढकलणाऱ्या दारूचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. तो बनतो सेल्युलोजपासून, आणि शुद्ध सेल्युलोज मिळायचा सोपा मार्ग म्हणजे कापूस. तोही कपड्याचा नाही. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जी बारीक लव चिकटून राहते ना, ती. तिला लिंटर म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी ती हाताने चोळून पाहिली असेल.

युरोप ही लव ७० टक्क्यांहून जास्त चीनकडून घेतो, असं राइनमेटल या जर्मन शस्त्र कंपनीचे प्रमुख आर्मिन पापर्गर यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. चीन रशियाचा मित्र. म्हणजे रशियाविरुद्ध लढणाऱ्या देशाला द्यायच्या गोळ्यांचा कच्चा माल रशियाच्या मित्राकडून! स्फोटकाचीही हीच गत. अमेरिकेने टीएनटी बनवणं १९८० च्या दशकातच बंद केलं होतं. प्रदूषण फार होतं आणि बाहेरून स्वस्त मिळत होतं. नाटो देशांत टीएनटीचा मोठा आधार उरला तो पोलंडमधल्या बिडगोश्च शहरातला एक कारखाना. केंटकीमध्ये नवा कारखाना उभारायचं काँट्रॅक्ट अमेरिकेने दिलं नोव्हेंबर २०२४ मध्ये, युद्ध सुरू होऊन पावणेतीन वर्षं झाल्यावर.

ड्रोन म्हणजे उडणारा फोन

गोळे नाहीत, मग काय करायचं? युक्रेनने ड्रोन हातात घेतले. ड्रोन हे भविष्यातलं शस्त्र आहे असं कुणी मीटिंगमध्ये ठरवलं नव्हतं. ती बऱ्याच अंशी टंचाईतून काढलेली वाट होती.

एफपीव्ही म्हणजे चालवणारा गॉगल घालून ड्रोनच्या डोळ्यांनी बघतो. युद्धाआधी ही पोरांची रेसिंगची हौस होती. कार्बन फायबरची फ्रेम, चार मोटारी, एक कॅमेरा, व्हिडिओ पाठवणारा ट्रान्समीटर, लिथियम बॅटरी आणि एक छोटा बोर्ड. त्या बोर्डवर सुरुवातीला चालायचं ते सॉफ्टवेअरही हौशी लोकांनीच बनवलेलं, ओपन सोर्स. किंमत ४०० ते ५०० डॉलर, म्हणजे आपले ४०-४५ हजार रुपये. एका बऱ्यापैकी फोनची किंमत. आणि फोनसारखेच यातले बहुतेक पार्ट चीनचे.

२०२४ मध्ये युक्रेनने २२ लाखांहून जास्त ड्रोन बनवले. 'बनवले' म्हणजे बऱ्याचदा जोडले. हळूहळू फ्रेम, अँटेना, कंट्रोल बोर्ड देशातच व्हायला लागले, पण मोटारीतलं चुंबक आणि बॅटरीतले सेल इथे पुन्हा चीन आडवा येतो. मोटारीतली ताकदवान निओडिमियम चुंबकं जगात बहुतांश चीनच बनवतो. १ सप्टेंबर २०२३ पासून चीनने काही ड्रोन आणि पार्टच्या निर्यातीवर बंधनं आणली. बंधनं दोन्ही बाजूंसाठी होती, पण रशियापर्यंत माल पोचायच्या वाटा जास्त, असं युक्रेनचं गाऱ्हाणं आहे.

त्यात वस्तू जुनी व्हायचा वेग भयंकर. आज चालणारी फ्रिक्वेन्सी काही आठवड्यांत समोरचा जॅम करतो. मग नवी फ्रिक्वेन्सी, नवा ट्रान्समीटर, नवं फर्मवेअर. गोदामात ५० हजार ड्रोन साठवून ठेवले तर महिन्या-दोन महिन्यांत ते बिनकामाचे होऊ शकतात. जॅमिंगवर उतारा म्हणून मग ऑप्टिकल फायबरचे ड्रोन आले. ड्रोनच्या पोटाशी फायबरचं रीळ, उडताना धागा मागे सुटत जातो. तुमच्या घरी ब्रॉडबँड आणणाऱ्या फायबरचाच हा भाऊबंद. रेडिओ सिग्नलच नाही, तर जॅम काय करणार? पूर्व युक्रेनमधल्या शेतांवर आता या धाग्यांची जाळी पसरली आहेत. आधी टंचाई गोळ्यांची होती, मग मोटारींची, आता फायबरच्या रिळांना भाव.

या भागात एक गोष्ट अशी आहे की वाचून तुम्हाला 'कूल' वाटेल आणि लगेच पोटात गोळाही येईल. कोणत्या तुकडीला किती ड्रोन द्यायचे, हे ठरवायला युक्रेनने पॉइंट सिस्टीम काढली. हल्ल्याचा व्हिडिओ अपलोड करायचा, तो तपासला जातो, लक्ष्यानुसार पॉइंट मिळतात. ते पॉइंट 'ब्रेव्ह-वन मार्केट' नावाच्या ऑनलाइन दुकानात वापरून तुकडी हवे ते ड्रोन मागवते. माणसाच्या जिवालाही पॉइंट आहेत. वाटपाचा प्रश्न म्हणून बघितलं तर डिझाइन चोख आहे, मधले साहेब आणि फायली गेल्या, जे ड्रोन खरंच चालतात त्यांनाच मागणी येते. पण गेममधलं लीडरबोर्ड इतक्या सहज युद्धात बसलं, हे मला अजून पचलेलं नाही.

रात्रीचा हिशेब

ड्रोनचा दुसरा प्रकार रात्री शहरांवर येतो. इराणच्या शाहेद-१३६ चं रशियन रूप, गेरान-२. तातारस्तानमधल्या अलाबुगा औद्योगिक क्षेत्रात त्याचा प्रचंड कारखाना आहे. मोपेडसारखा आवाज करत, सावकाश, पण हजारेक किलोमीटर लांब येतो. ९ जुलै २०२५ च्या रात्री रशियाने ७२८ ड्रोन सोडले, ७ सप्टेंबरला ८०० हून जास्त.

शाहेदची किंमत साधारण २० ते ५० हजार डॉलर धरतात. पेट्रियट सिस्टीमचं एक पॅक-३ क्षेपणास्त्र पडतं सुमारे ४० लाख डॉलरला, म्हणजे ३५ कोटी रुपयांच्या घरात. यावरून एक मीम फिरतं की युक्रेन ३५ कोटी खर्चून मोपेड पाडतो. तसं नाही. पेट्रियट शक्यतो बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांसाठी राखून ठेवतात, कारण त्यांना अडवणारं दुसरं फारसं काही युक्रेनकडे नाहीच. शाहेद पाडायला पिकअपवर बसवलेल्या मशीनगन, जॅमर, आणि अलीकडे दोन-तीन हजार डॉलरचे इंटरसेप्टर ड्रोन वापरतात. खरी अडचण किमतीपेक्षा संख्येची आहे. पॅक-३ जगभरासाठी मिळून वर्षाला साधारण पाच-सहाशेच बनतात, आणि रांगेत अमेरिकेपासून आखातापर्यंत सगळे उभे. पैसे खिशात असले तरी नंबर लागत नाही.

शाहेद येतोय हे कळायला मात्र युक्रेनने अफाट स्वस्त जुगाड केलाय. खांबावर मायक्रोफोन आणि मोबाइल फोन बसवले, देशभर हजारो. प्रत्येकी खर्च ४००-५०० डॉलर. ड्रोनचा आवाज ओळखून दिशा आणि वेग काढला जातो आणि मशीनगनवाल्या टीमला टॅबलेटवर संदेश जातो. याशिवाय लोकांसाठी 'ई-पीपीओ' नावाचं ॲप आहे. आकाशात ड्रोन दिसला की फोन त्या दिशेला धरायचा आणि बटण दाबायचं.

बंदी असूनही चिप पोचते कशी?

या प्रश्नावर खूप मेसेज येतात. ऑगस्ट २०२२ मध्ये रुसीने रशियाची २७ शस्त्रं उघडून बघितली, तर त्यांत साडेचारशेहून जास्त परदेशी पार्ट सापडले, बरेचसे अमेरिकन कंपन्यांचे. अमेरिकेच्या तेव्हाच्या वाणिज्यमंत्री जिना रायमोंडो यांनी तर संसदेत सांगितलं की रशियन लष्करी सामानात डिशवॉशर आणि फ्रिजमधल्या चिप्स सापडताहेत.

क्षेपणास्त्राला तुमच्या फोनमधला लेटेस्ट प्रोसेसर लागत नाही. दहा-पंधरा वर्षं जुन्या डिझाइनचा मायक्रोकंट्रोलर पुरतो. असे चिप्स कोट्यवधींनी बनतात, डिस्ट्रिब्युटरकडून दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे जातात, हाँगकाँग, तुर्की, दुबई अशा वाटेने फिरत फिरत पोचतात. कंपनीलाही शेवटचा गिऱ्हाईक कोण ते कळत नाही. म्हणून बंदी फुकट गेली का? तसंही नाही. माल पोचतो, पण महाग आणि उशिरा. बंदीचा खरा परिणाम बिलावर दिसतो. आता बिलाकडेच येऊ.

युक्रेनचा गल्ला

सिप्री या स्वीडिश संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये युक्रेनने आपल्या जीडीपीच्या ३४ टक्के रक्कम सैन्यावर खर्च केली. जगात सगळ्यात जास्त. भारताचा हा आकडा दोन टक्क्यांच्या आसपास असतो. युक्रेनमध्ये गोळा होणारा सगळा कर सैन्याकडे जातो. मग शिक्षकांचा पगार, म्हाताऱ्यांचं पेन्शन, हॉस्पिटल? ते परदेशी मदतीवर आणि कर्जावर. मदतीचा हप्ता लांबला की आधी पेन्शनचा प्रश्न उभा राहतो.

करही वाढलेत. पगारावरचा लष्करी कर १ डिसेंबर २०२४ पासून दीड टक्क्यावरून ५ टक्के झाला. 'दिया' हे तिथलं सरकारी ॲप, आपल्या डिजिलॉकरची कितीतरी पुढची आवृत्ती म्हणा. त्यातून लोक फोनवरच युद्धाचे बाँड घेतात. मोनोबँक नावाच्या ॲप-बँकेत 'बरणी' काढता येते. एखादा सैनिक इन्स्टावर लिंक टाकतो, 'आमच्या तुकडीला पिकअप हवी', आणि लोक बरणीत पैसे टाकतात. जून २०२२ मध्ये सेर्ही प्रितुला या टीव्ही कलाकाराच्या संस्थेने तुर्की बायरक्तार ड्रोनसाठी तीन दिवसांत ६० कोटी रिव्निया जमवले. कंपनीने ड्रोन फुकट दिले, आणि त्या पैशांतून एका उपग्रहाची सेवा विकत घेतली गेली!

पण बरणीतून ट्रान्सफॉर्मर येत नाहीत. वीजकेंद्रांवर सतत हल्ले, कारखाने जनरेटरवर. जवळपास ६० लाख लोक देशाबाहेर, लाखो सैन्यात. लेथ चालवणारा माणूस आणायचा कुठून?

आणि सुरुवातीला म्हटलं तो नवा बॉटलनेक. २०२५ पर्यंत युक्रेनच्या शस्त्र कारखान्यांची क्षमता वर्षाला ३५ अब्ज डॉलरची झाली, पण पैसे होते त्याच्या निम्म्याहून कमी कामाला. यावर डेन्मार्कने सरळ मार्ग काढला. आपली शस्त्रं पाठवण्याऐवजी युक्रेनच्याच कारखान्यांचं बिल भरायचं. माल स्वस्त पडतो, लवकर मिळतो आणि रोजगार तिथेच राहतो. दुसरीकडे अमेरिकेने फुकट देणं आवरतं घेतलं. जुलै २०२५ पासून युरोपीय देश पैसे भरतात आणि अमेरिकन शस्त्रं युक्रेनला जातात.

रशियाचे जवळपास ३०० अब्ज डॉलर पाश्चात्य देशांत गोठवलेले आहेत, त्यातला मोठा भाग बेल्जियममधल्या युरोक्लिअर या संस्थेत. ते का देत नाहीत? बेल्जियमला भीती की उद्या कोर्टात हरलो तर भरपाई आमच्या गळ्यात. त्यामुळे २०२४ मध्ये जी-७ देशांनी फक्त त्यावरच्या कमाईच्या आधारे ५० अब्ज डॉलरचं कर्ज दिलं. डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा खल झाला आणि शेवटी युरोपियन युनियनने स्वतः उधारी काढून दोन वर्षांसाठी ९० अब्ज युरो द्यायचं ठरवलं.

रशियाचा गल्ला

रशिया कोसळला, असं थंबनेल २०२२ पासून यूट्यूबवर फिरतंय. कोसळला नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये तर अर्थव्यवस्था चार टक्क्यांच्या आसपास वाढली. पण ही वाढ कशाची? सरकारने कारखान्याला पैसे दिले, कारखान्याने रणगाडा बनवला, रणगाडा जळाला. जीडीपीत त्याची नोंद झाली, पण त्यातून ना रस्ता झाला ना फ्रिज.

माणसं मिळेनात म्हणून पगार वाढले. बेकारी दोन टक्क्यांवर आली, जी ऐकायला छान वाटते, पण तिचा अर्थ उरलेल्या धंद्यांना कामगारच नाहीत. जुलै २०२४ मध्ये मॉस्कोने सैन्यात भरती होणाऱ्याला १९ लाख रुबल हातात द्यायची घोषणा केली, तेव्हाच्या दराने जवळपास १८ लाख रुपये. गरीब प्रांतातल्या माणसासाठी ही आयुष्यात न दिसलेली रक्कम. हातात पैसा भरपूर, दुकानात माल तेवढाच, म्हणजे महागाई. ती रोखायला केंद्रीय बँकेच्या प्रमुख एल्विरा नाबिउलिना यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये व्याजदर २१ टक्के केला. तेव्हा आपल्या रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ६.५ टक्के होता. घराचं कर्ज किंवा छोट्या कारखान्याचं मशीन २१ टक्क्यांच्या वर घेऊन बघा. शस्त्र कारखान्यांना मात्र सवलतीचं कर्ज. म्हणजे व्याजाचा चटका बाकीच्यांनाच. लाडा गाड्या बनवणाऱ्या अवतोवाझने सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस चार दिवसांचा आठवडा केला, गाड्या खपेनात म्हणून. नंतर दर कमी होत २०२५ च्या अखेरीस १६ टक्क्यांवर आला, तरी तेव्हाही तो १६ होता.

२०२५ साठी रशियाने संरक्षणावर साडेतेरा लाख कोटी रुबल ठेवले, बजेटचा जवळपास तिसरा हिस्सा. त्याच वर्षी तेल-वायूचं उत्पन्न सुमारे एक चतुर्थांशाने घटलं. तेलाचे भाव उतरले, रुबल वधारला, आणि युक्रेनचे लांब पल्ल्याचे ड्रोन रिफायनऱ्यांवर पडत राहिले. पेट्रोल विकणाऱ्या देशाला पेट्रोलची निर्यात थांबवावी लागली. १ जानेवारी २०२६ पासून व्हॅट २० वरून २२ टक्के झालाय. आता बिल दुकानातल्या पावतीवर दिसतं.

आपल्याकडे काय?

२०२२ च्या उन्हाळ्यात सूर्यफूल तेल भडकलं ते आठवत असेल. आपण ते बहुतांश युक्रेनकडून घ्यायचो. कच्च्या तेलाचं उलटं झालं. युद्धाआधी आपल्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता, २०२४ मध्ये तो एक तृतीयांशाच्या वर होता. स्वस्त मिळालं, घेतलं. त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर जादा २५ टक्के आयातकर लावला.

गोळ्यांचा धागा तर थेट महाराष्ट्रात येतो. म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचं मुख्यालय पुण्यात खडकीला, यंत्र इंडियाचं नागपूरला. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की भारतीय कंपन्यांनी युरोपला विकलेला तोफगोळ्यांचा माल तिथून युक्रेनला गेला. परराष्ट्र मंत्रालयाने ही बातमी तर्कावर आधारलेली आणि दिशाभूल करणारी असल्याचं सांगितलं.

आणि रशियाकडून येणारा माल? सिप्रीनुसार २०१५-१९ च्या तुलनेत २०२०-२४ मध्ये रशियाची शस्त्रनिर्यात ६४ टक्क्यांनी घटली. आधी स्वतःची गरज, मग गिऱ्हाईक. भारताने २०१८ मध्ये एस-४०० च्या पाच स्क्वाड्रनचा करार केला होता. २०२५ संपेपर्यंत त्यातल्या तीन आल्या होत्या.